सह्याद्रीचा कडा नेमका कुणी उभा केला?

पायवाट

राम राम मंडळी,

सह्याद्री ज्वालामुखीमुळे तयार झाला, हे आपण शाळेपासून घोकत आलो. लाव्हा थरावर थर साचला, थंड होऊन त्याचा काळा कातळ झाला, मान्य. पण लाव्हा म्हणजे पातळ रस. तो पसरला तर सपाट पठार व्हायला हवं, आणि झालंही आहे. नगर, बीड, सोलापूर बघा. मग त्याच पठाराची पश्चिमेची कड अशी तुटल्यासारखी का?

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून खाली डोकावलं की थर स्वच्छ दिसतात, सगळे आडवे. कुठे वळी नाही, घडी नाही. म्हणजे हिमालयासारखं कुणी दोन्हीकडून रेटून उभं केलेलं दिसत नाही. शिवाय ते थर मधेच हवेत संपतात. पलीकडचा भाग गेला कुठे?

उपप्रश्न: भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचे मोठाले तुकडे, सरकतात म्हटलं की सगळे हिमालयाचं उदाहरण देऊन मोकळे होतात. आपल्या सह्याद्रीचा या सरकण्याशी काही संबंध आहे की नाही? जाणकारांनी सवडीने लिहावं, घाई नाही.

भूगोल_नापास

ज्वालामुखी अधिक पाऊस बरोबर सह्याद्री. कोटी कोटी वर्षं पडतोय तो, काय शिल्लक ठेवणार?

खडकवेडी

नापासराव, इतकं सोपं असतं तर आम्ही ऐन मे महिन्यात हातोडी घेऊन घाटरस्ते पालथे घातले नसते. पायवाट यांनी बरोबर जागी बोट ठेवलंय. खडक कसा झाला आणि डोंगर कसा झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आपल्या पुस्तकांत आणि किल्ल्यांवरच्या फलकांवर त्यांची सर्रास खिचडी झालेली असते.

खडकाचं आधी उरकते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूपट्ट आफ्रिकेच्या बाजूने सुटून उत्तरेकडे सरकत होता. आज हिंदी महासागरात रीयुनियन बेट आहे, त्याच्या खालच्या तप्तबिंदूवरून, म्हणजे पृथ्वीच्या पोटातून तप्त द्रव्य वर येतं त्या जागेवरून, तो जात असताना हा लाव्हा बाहेर आला. त्यातला बहुतेक भाग साधारण दहा लाख वर्षांत ओतला गेला, भूशास्त्राच्या हिशेबात ही चुटकीच. आज शिल्लक आहे तेवढ्यानेही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे.

मधे मधे उसंतही होती. कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड नीट बघा. काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये विटकरी रंगाचा पट्टा दिसतो, कधी वीतभर, कधी पुरुषभर. खालचा थर निवून झिजला, त्याची माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याखाली ती भाजून निघाली, तो हा पट्टा. त्याच्या खालचा दगड बहुधा भोकाभोकांचा असतो, कारण प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकतात. पुढे त्या भोकांत पांढरी खनिजं भरतात. विहिरी खणणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. हा मऊ भाग लवकर झिजतो, मधला घट्ट कातळ तग धरतो. म्हणून आपल्या डोंगरांना कडा, मग झाडीची पट्टी, मग पुन्हा कडा अशा पायऱ्या पडलेल्या असतात.

आता डोंगराचं. नकाशा घ्या आणि गोव्याच्या खाली उतरा. बेसॉल्ट, म्हणजे हा लाव्ह्याचा काळा कातळ, बेळगावच्या आसपास संपतो. सह्याद्री संपतो का? दूधसागर कोसळतो तो बेसॉल्टवरून नव्हे, कितीतरी जुन्या खडकावरून. निलगिरी लाव्ह्याची नाही. केरळातली अनैमुडी २६९५ मीटर, म्हणजे आपल्या १६४६ मीटरच्या कळसूबाईपेक्षा हजारभर मीटर उंच, तीही लाव्ह्याची नाही. तरी भिंत तशीच पुढे जाते, समुद्राला समांतर, तापीपासून कन्याकुमारीच्या अलीकडेपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर. मोठी खिंड काय ती पालघाटची. खडक पार बदलला आणि भिंत तीच राहिली, तर भिंतीचं कारण त्या खडकात कसं असेल?

शंकासुर

ताई, हे पटलं, पण दोन शंका.

एक, इतका लाव्हा आला तर ज्वालामुखीचं तोंड कुठे आहे? मला अजून कुणी दाखवलेलं नाही. आमच्याकडे लोक प्रत्येक शंकूच्या आकाराच्या टेकडीला ज्वालामुखी म्हणतात.

दोन, भिंतीचं कारण लाव्ह्यात नसेल तर कशात?

खडकवेडी

तोंड शोधू नका, भेगा शोधा. फुजीसारखा शंकू इथे नव्हताच, जमीन मैलोन्‌मैल लांब चिरत गेली आणि त्या चिरांतून रस बाहेर पसरला. शेवटचा रस चिरेतच गोठला, त्याला डाइक म्हणतात. धुळे-नंदुरबार भागात या डाइकांच्या भिंती शेतांतून सरळ रेषेत जाताना दिसतात, बघणाऱ्याला वाटावं कुणी दगडी बांध घातलाय. शंकूसारख्या टेकड्या बहुतेक नुसत्या झिजून उरलेल्या असतात.

दुसरी शंका हीच खरी मेख आहे. भारताची पश्चिम किनारपट्टी ही एक फाटलेली कड आहे, आणि ती दोनदा फाटली. साधारण ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटला. मग सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी, लाव्ह्याचा जोर ओसरत असताना, सेशेल्सचा तुकडा सुटला आणि मधे अरबी समुद्राचा तळ तयार होऊ लागला.

खंड फाटतं तेव्हा आधी ताणलं जातं. मधला भाग खचतो, दोन्ही कडा उचललेल्या राहतात. खचलेल्या भागात पुढे समुद्र शिरतो आणि उचललेली कड खंडाच्या काठाला भिंतीसारखी उभी राहते. आपल्याला घड्या दिसत नाहीत त्या यामुळे. घड्या रेट्याने पडतात, इथे ताण होता.

आणि जोडीदार शोधायचा तर मादागास्करचा पूर्व किनारा काढा. तिथेही किनाऱ्याला धरून लांबच लांब कडा आहे. एका खंडाच्या दोन फाटलेल्या बाजू आज समुद्रापलीकडून समोरासमोर उभ्या आहेत. दक्षिण आफ्रिकेतलं ड्रॅकन्सबर्ग, ब्राझीलची सेरा दो मार, ही सगळी याच जातकुळीची मंडळी.

दर्यावर्दी

ताई, हे वाचून आमच्या बाजूच्या काही गोष्टी जुळायला लागल्या.

पठारावर थर आडवे असतात ना? पनवेलच्या आसपासपासून पश्चिमेला या, ते समुद्राकडे कललेले दिसतात. मुंबई बेटावरचे थरही पश्चिमेला झुकलेत. आणि गरम पाण्याची कुंडं बघा: वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, आरवली, तुरळ, राजापूर. नकाशावर टिंबं मांडली तर घाटाला समांतर माळ होते. खाली ज्वालामुखी जागा आहे म्हणून पाणी तापतं, असं आमच्याकडे छातीठोकपणे सांगतात. ते खरं का?

आणि कर्नाटकातल्या मालप्याजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे ते षटकोनी खांब आपल्याच लाव्ह्याचे ना? अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला तसेच आहेत.

खडकवेडी

थरांचा तो कल पुस्तकात पनवेलची वळण म्हणून येतो. कड ताणली जाऊन समुद्राच्या बाजूला वाकली, त्याची ती खूण. बाहेर समुद्रातही हेच थर खाली खोल गेलेत. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागलं, ते सापडलं वरच्या चुनखडीत, पण त्या सगळ्या गाळाच्या बुडाशी आपलाच बेसॉल्ट आहे.

कुंडांखाली जागा ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, जमिनीच्या पोटातल्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. भेगा मात्र या ताणाच्या काळापासूनच्या, म्हणून तुमची माळ किनाऱ्याला समांतर पडते.

सेंट मेरीचा दगड वेगळा आणि जुना आहे, सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मादागास्कर सुटतानाचा. गिल्बर्ट हिल त्यानंतर दोन कोटी वर्षांहून अधिक काळाने आली. खांब सारखे दिसतात कारण लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि तसा तडकतो. त्यावरून नातं जोडता येत नाही.

शंकासुर

पण फाट तर समुद्रात पडली म्हणता, आणि घाट किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत आहे. मधलं कोकण कुठून आलं? परशुरामाने समुद्र हटवला म्हणावं तर तुमच्या गोष्टीत तो हटलेला दिसत नाही.

खडकवेडी

हटला तो कडा! सुरुवातीची भिंत आजच्यापेक्षा बरीच पश्चिमेला होती. धबधबे, ओढे, दरडी यांनी ती समोरून कोरत नेली आणि भिंत आपली उभट ठेवण न सोडता पूर्वेला मागे मागे सरकली. तिच्या पायाशी जी जमीन उघडी पडली, ते कोकण. पायवाट यांना हवेत संपलेले थर दिसले, त्यांचा पलीकडचा भाग कण कण होऊन आज अरबी समुद्राच्या तळाशी आहे.

याला पुरावा जांभ्याचा. पाचगणीचं टेबल लँड, महाबळेश्वर, कास, सगळीकडे माथ्यावर जांभा आहे, हजार-बाराशे मीटरच्या वर. आणि रत्नागिरी-देवगडच्या सड्यांवरही, म्हणजे तिथल्या उघड्या कातळ पठारांवरही, जांभा आहे, समुद्रापासून शे-दोनशे मीटर उंचीवर. जांभा व्हायला सपाट, फारशी न हलणारी जमीन आणि मुबलक पाऊस लागतो, आणि लाखो वर्षं लागतात. म्हणजे कोकणातला जांभा पिकायला लागला, तेव्हा कोकण सपाट होऊन बसलेलं होतं आणि कडा त्याआधीच आत सरकला होता. कड्याचं मोठं सरकणं बरंच आधी उरकलं, असं यावरून म्हणता येतं.

नदीकाठ

उशिरा आलो, पण नद्यांशिवाय हा धागा अपुरा राहील.

कृष्णा महाबळेश्वरला उगवते, अरबी समुद्र तिथून सरळ रेषेत पासष्ट-एक किलोमीटर. तरी ती चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. गोदावरी, भीमा यांचंही तेच. कारण ताईंनी सांगितलेली उचललेली कड: जमिनीचा उतारच पलीकडे, पूर्वेला.

लोणावळ्याची इंद्रायणी हे माझं आवडतं उदाहरण. उगम कुरवंड्याजवळ, आणि तिथून थोडं चाललात की नागफणीचा कडा, खाली थेट कोकण. नदी नुकती जन्मलेली, ओढ्याएवढी, पण खोरं बघा केवढं रुंद आणि ऐसपैस आहे! एवढंसं पाणी एवढं खोरं कोरूच शकत नाही. ते खोरं पूर्वी पश्चिमेला आणखी लांब होतं, वरचा भाग कड्याबरोबर गेला. घाटमाथ्यावर हिंडताना अशी मुंडकं उडवलेली खोरी ओळखायची सवय लावा, मग कडा सरकतो म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

कोकणच्या नद्या आखूड, पण उतार जबर, म्हणून कोरायचा जोर त्यांचा. या भांडणात देशावरच्या नद्या दर वेळी हरतात.

गावठी_इंजिनीयर

माझा एक हिशेबी प्रश्न. सहा कोटी वर्षं एवढा पाऊस झोडपतोय, तर भिंत बुटकी का नाही झाली? आपल्या घाटांत वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जागा आहेत.

माझा अंदाज असा. भूपट्ट खालच्या दाट थरावर तरंगतो. होडीतून माणसं उतरली की होडी पाण्यावर जरा वर येते, तसं कोकणच्या बाजूचं दगडाचं ओझं झिजून गेलं की ती कड वर उचलली जाणार. आणि तोच गाळ बाहेर समुद्रात साचतो, तिथलं ओझं वाढून ती बाजू दबणार. म्हणजे झीजच भिंतीला उंची पुरवते. बरोबर आहे का ताई?

खडकवेडी

अगदी. फक्त एवढं जोडा: होडी ताठ असते, भूपट्ट वाकतो. म्हणून एका जागी हललेल्या ओझ्याचा परिणाम शेकडो किलोमीटरवर पसरतो.

भांडण आहे ते वाटणीचं. आजच्या उंचीतला किती भाग फाटतानाचा, किती खालून वर आलेल्या तप्त द्रव्याच्या फुगवट्याचा आणि किती या नंतरच्या उचलीचा, यावर अभ्यासकांत एकमत नाही. माझा स्वतःचा कल नंतरच्या उचलीला जास्त श्रेय देण्याकडे आहे. दक्षिणेत खडक वेगळा, फाटण्याचा काळ वेगळा, तप्तबिंदूशी संबंध कमी, तरी भिंत तशीच टिकली आहे. मग सगळीकडे सारखं चालणारं कारण शोधायला नको का?

उत्तरायण

मी नोकरीनिमित्त उत्तराखंडात असतो, म्हणून तिकडची बाजू. इथे रस्त्याकडेच्या दरडीत एकही थर धड आडवा सापडत नाही. घड्या, उलटे पडलेले थर, चुरा झालेला दगड. भारत आशियाला सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भिडला, मधला टेथिस समुद्र चिरडला गेला. त्याच्या तळाचे शंख दगडात अडकून वर आले, आपल्या देव्हाऱ्यातले शाळिग्राम हे त्यातलेच. एव्हरेस्टच्या माथ्यावरही समुद्री चुनखडी आहे.

आणि हे थांबलेलं नाही. भारत अजून वर्षाला ५ सेंटिमीटरच्या आसपास उत्तरेकडे सरकतोय. सह्याद्रीत दरड कोसळते ती पावसाने, इकडे पाऊसही आहे आणि खालून रेटाही.

एक विचारायचं होतं, सह्याद्री हिमालयापेक्षा जुना म्हणतात ते कितपत खरं?

आबा_पाटणकर

लेकरांनो, खालून रेटा आमच्याकडेही आहे. मी पाटण तालुक्यातला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होतो. घराचं आढं कडाडलं आणि आईने आम्हाला बखोटीला धरून अंगणात ओढलं, एवढं आठवतं. पुढचे कित्येक महिने आम्ही घरात झोपायला तयार नव्हतो. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाच्या पाण्याने झालं म्हणतात. पाणी तर धरणात सगळीकडेच असतं, मग आमच्याच वाट्याला का?

आणखी एक. कोयना महाबळेश्वरातून निघते ती डोंगररांगांच्या मधून सरळ दक्षिणेला येते, आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळते. नदीला असं वळायचं काय कारण पडलं असेल?

खडकवेडी

आबा, नमस्कार. तुमच्यासारख्यांनी लिहिलं की धाग्याला वजन येतं.

सह्याद्री आज भूपट्टाच्या काठावर नाही, आत आहे. अरबी समुद्राच्या बाजूचा काठ म्हणजे कार्ल्सबर्ग रिज ही समुद्रतळावरची डोंगररांग, ती दूर महासागरात. उत्तरेचा काठ हिमालय. पण तिथे भारत अडला की तो ताण अख्ख्या भूपट्टात साठतो आणि जुने दुबळे भेगाळलेले पट्टे त्याला वाट देतात. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत जे झालं, तेही काठापासून इतकं दूर असून झालंच.

कोयनेत असा जुना पट्टा खाली आधीच होता. तिथे अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तर साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा प्राचीन खडक. भूकंप होतात ते त्या खालच्या खडकातल्या भेगांवर. १९६२ पासून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरायला लागला, पाण्याचा दाब त्या भेगांत पोचला आणि जी भेग घसरायच्या बेतात होती ती घसरली. ताण भूपट्टाचा, निमित्त पाण्याचं. जिथे भेग अशी टेकीला आलेली नसते, तिथली धरणं शांत असतात. म्हणून तुमच्याच वाट्याला आलं. नदीच्या त्या सरळ ओळीचा आणि काटकोनाचा संबंधही बरेच जण खडकातल्या दुबळ्या पट्ट्यांशी जोडतात, पाणी सोपी वाट धरतं.

उत्तरायण, जुना-नवा ठरवण्याआधी काय मोजताय ते सांगा. महाराष्ट्रातल्या सह्याद्रीचा दगड ६.६ कोटी वर्षांचा, आणि हिमालयात त्याहून कितीतरी जुने खडक आहेत. तिथे सह्याद्री तरुण ठरतो. भिंतीचा पाया मात्र फाट पडली तेव्हाचा, म्हणजे भारत आशियाला भिडण्याच्या आधीचा. त्या अर्थाने सह्याद्री थोरला. कड्याची आज दिसणारी कड विचाराल, तर मागच्या पावसाळ्यात दरड पडली असेल तिथे ती वर्षाचीही नाही.

पायवाट

ताई, आबा, नदीकाठ, सगळ्यांचे आभार. अर्धं उत्तर मिळेल असं वाटलं होतं, इथे तर अभ्यासक्रम निघाला.

पावसाळा सरला की नागफणी आणि कुरवंडे बघायचं ठरवतोय, इंद्रायणीचं खोरं वरून दिसेल अशा बेताने. थरांचा पश्चिमेकडचा कल उघड्या डोळ्यांनी दिसेल अशी जागा दर्यावर्दी यांनी सांगावी, मी पनवेलकडून पुष्कळदा जातो पण कधी लक्ष गेलं नाही.

दर्यावर्दी

एकाच दरडीत शोधू नका, फसाल. आधी लोणावळ्याच्या बाजूला थर कसे आडवे आहेत ते डोळ्यात भरून घ्या, मग त्याच दिवशी खाली उतरून पनवेलच्या पश्चिमेच्या टेकड्या उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून बघा. समोरून, म्हणजे समुद्राच्या बाजूने बघितलं तर कल कळत नाही, आडवेच वाटतात. उन्हाळ्यात गवत वाळलेलं असताना जा, पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर सगळं हिरवं असतं आणि दगडाची रेघ दिसत नाही.

भूगोल_नापास

मला घ्या बरोबर. हातोडी ताईंची, डबा माझा.